गोष्ट लिहिणारी बाई आधी गोष्ट वाचते

(भातसानगर इथे झालेल्या आपल्या महासंघाच्या मेळाव्यात एका लेखिका ताईंनी केलेलं हे भाषण. त्या दिवशी ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी, आणि ज्या आल्या होत्या त्यांना घरी पुन्हा वाचता यावं म्हणून, इथे छापत आहोत. – संपादक मंडळ)



मला बोलवायला फोन आला तेव्हा ताईंनी विचारलं, "तुम्ही काय लिहिता?" मी म्हटलं, "प्रेमकथा." पलीकडे जरा वेळ कुणी काही बोलेनाच. मग ताई म्हणाल्या, "बरं, पण आमच्या बायकांसमोर वाचनावर बोला हं." मी म्हटलं, दोन्हीवर बोलते, कारण माझ्यासाठी ती दोन कामं नाहीतच. मी लिहिते ते मी वाचत आले म्हणून. वाचलं नसतं तर माझ्या मनातलं मनातच राहिलं असतं.

आता 'प्रेमकथा' म्हटलं की आपण पदर तोंडाला लावतो. हसू नका, खरं आहे ते. पण मला सांगा, आपल्या बायकांच्या तोंडी प्रेम कुठं नाही? जात्यावरच्या ओव्या आठवा. माहेरची ओढ, भावाची वाट, भरताराचं कौतुक आणि त्याचा रागसुद्धा, सगळं त्यात आहे. लग्नात आपली धवलारीण धवले गाते. तिच्या हातात कागद नसतो. नवरीच्या मनात काय चाललंय, नवऱ्यामुलाकडून काय अपेक्षा आहे, हे ती पिढ्यान्‌पिढ्या गात आली आहे. मग तेच कुणी कागदावर लिहिलं तर ते वाईट कसं?

इथं एखादी म्हणेल, "ताई, धवलारीण कुठं शाळेत गेली? बहिणाबाई कुठं शिकल्या होत्या?" बरोबर आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात काम करताना, जात्यावर बसल्यावर त्यांना गाणी सुचायची. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक म्हणजे बहिणाबाईंनी आयुष्यभर ऐकलं होतं. ओव्या, कीर्तन, भजन, बायकांची बोलणी, सगळं कानात साठवलं होतं. कानांनी ऐकणं हेसुद्धा एक वाचनच. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्यांचं १९५१ साली निधन झालं आणि १९५२ साली त्यांच्या कविता पुस्तकरूपाने लोकांसमोर आल्या, त्या घरातल्या माणसांनी लिहून ठेवल्या होत्या म्हणून. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता. ज्या बाईच्या घरात कुणी लिहून घेणारं नव्हतं, तिची गाणी तिच्याबरोबर गेली. अशा किती बाया आपल्याच पाड्यांवर होऊन गेल्या असतील? त्याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

म्हणून आज मी तुम्हाला काही बायकांची माहिती सांगणार आहे. त्या आधी वाचक होत्या आणि मग लेखिका झाल्या.

पहिल्या काशीबाई कानिटकर. जन्म १८६१ चा, सांगलीकडच्या आष्ट्याचा. सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा चालवायला घेतली ती १८४८ मध्ये. म्हणजे शाळा होत्या, पण घरंदाज घरातली मुलगी शाळेत जाईल हे अजून कुणाच्या गावी नव्हतं. काशीबाईंचं लग्न नवव्या वर्षी झालं. नवरा गोविंदराव शिकणारा, कवितेचा नाद असलेला. त्याला शिकलेली बायको हवी होती आणि आपल्याला तर अक्षर येत नाही, हे त्या पोरवयात काशीबाईंना कळलं. मग त्यांनी वाचायला शिकायचं ठरवलं. सासरी बाईने पुस्तक हातात धरलं की टोमणे ठरलेलेच. तरी त्या शिकल्या, चोरून शिकल्या. पुढे नवऱ्याची साथ मिळाली, मराठी झालं, इंग्रजीही त्या शिकल्या. गोविंदरावांनी स्त्रियांच्या पारतंत्र्यावरचं मिल नावाच्या इंग्रज विचारवंताचं पुस्तक मराठीत आणलं. म्हणजे ज्या घरात आधी पुस्तक लपवावं लागत होतं, त्याच संसारात पुढे असली पुस्तकं आली.

आणि मग काय झालं? वाचणाऱ्या काशीबाई लिहायला लागल्या. १८८६ च्या सुमारास त्यांची 'रंगराव' ही कादंबरी मासिकातून भागाभागाने यायला लागली. पुस्तक म्हणून ती १९०३ साली निघाली. 'पण लक्षात कोण घेतो' लिहिणारे हरिभाऊ आपटे त्यांचे स्नेही होते, दोघांचा पत्रव्यवहार होता. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींचं चरित्रही काशीबाईंनी लिहिलं. एका बाईने दुसऱ्या बाईचं आयुष्य वाचलं आणि ते हरवू दिलं नाही. १९२८ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांची 'पालखीचा गोंडा' ही कादंबरी आली. त्यात त्यांनी बाईच्या हाती कारभार असलेल्या संस्थानाची कल्पना केली आहे. आपल्या महाराष्ट्रात पंचायतीत बायकांना निम्म्या जागा मिळाल्या त्या २०११ साली. त्याच्या ऐंशीएक वर्षं आधी एका बाईने ते कागदावर पाहिलं होतं. ही ताकद कुठून आली? घरात बसून दुसऱ्यांची घरं, दुसऱ्यांचे देश वाचले, त्यातून आली. जे आहे त्यापेक्षा वेगळं असू शकतं, हे वाचणाऱ्या बाईला आधी कळतं.

आता जरा माझं सांगते. थोडंच सांगते, कंटाळू नका.

माझी आई शाळेत गेली नव्हती. संध्याकाळी ती सूप घेऊन तांदूळ निवडायला बसायची आणि मी वाचनालयातून आणलेली कादंबरी तिला मोठ्याने वाचून दाखवायचे. एका कादंबरीत नायिका सकाळी उठते, खिडकीशी उभी राहते, केस मोकळे सोडते आणि 'तो' यायची वाट बघत बसते. असं दोन पानं चाललं होतं. आईने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "मंग चूल कोनी पेटवली?"

मी म्हटलं, "त्यांच्याकडे कामाला बाई असंल."

आई म्हणाली, "मंग त्या बाईची गोष्ट कोन लिवनार?"

मी तेव्हा हसले. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. पुढे मी जितकं वाचलं तितकं आईच्या प्रश्नानेच वाचलं. या घरात पाणी कोण भरतं? या दोघांच्या प्रेमात पैसा कुठून येतो? ही एवढी रडते, पण तिला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं नाही का? आणि मी लिहायला बसले तेव्हा माझ्या पहिल्या गोष्टीतल्या नायिकेच्या डोक्यावर हंडा होता.

वाचनाने लेखिका कशी घडते, असं मला पुष्कळ जण विचारतात. लोकांना वाटतं, सुंदर सुंदर वाक्यं पाठ होतात आणि ती मग आपण वापरतो. तसं नाही. वाचन बाईला तीन गोष्टी देतं.

पहिली गोष्ट म्हणजे शब्द. आपल्या मनात कालवाकालव होते आणि आपण म्हणतो, "काय की बाई, बरं वाटत नाही." राग आहे, की दुःख आहे, की कुणाची आठवण आहे, की नुसता थकवा आहे, ते आपल्यालाच कळत नाही. गोष्टीत दुसऱ्या बाईला तसंच झालेलं वाचलं की वाटतं, अरे, याला नाव आहे तर. नाव कळलं की बोलता येतं. बोलता आलं की मागता येतं.

दुसरी गोष्ट, न बोलता सांगण्याची कला. आपल्या गावात कोण कुणाला "माझं तुझ्यावर प्रेम आहे" म्हणतं? सिनेमात म्हणतात. आपल्याकडे आवणीच्या दिवसात चिखलात उभं राहून बायकोचे पाय सुजले, तर नवरा न बोलता रात्री पाणी गरम करून ठेवतो, ते प्रेम. म्हशाच्या जत्रेतून येताना स्वतःला काही न घेता तिच्यासाठी बांगड्या आणतो आणि देताना म्हणतो, "त्या दुकानदाराने गळ्यातच घातल्या," ते प्रेम. चांगल्या लेखकांचं वाचता वाचता हे समजलं की 'प्रेम' हा शब्द जितका कमी लिहावा तितकं ते जास्त दिसतं.

तिसरी गोष्ट, काय लिहिलेलं नाही ते दिसणं. हे फक्त भरपूर वाचणाऱ्यालाच दिसतं. शंभर गोष्टी वाचल्या आणि एकीतही आपल्यासारखी बाई भेटली नाही, की मनात येतं, मग ती मीच लिहायला हवी.

मैत्रिणींनो, हे बघा. भातसाचं पाणी इथून मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आपल्या पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. गोष्टींचं उलटं आहे. त्या मुंबई-पुण्याहून इकडे येतात. टीव्हीवर येतात, मोबाईलवर येतात. मोठे जिने, भरजरी साड्या, कट करणाऱ्या सासवा. त्या बघायच्या नाहीत असं मी म्हणत नाही, मीही बघते. पण आसनगावच्या लोकलमध्ये भाजीची पाटी घेऊन रोज भेटणाऱ्या दोघांची गोष्ट मुंबईचा माणूस लिहिणार नाही. वीटभट्टीवर सहा महिने गेलेल्या नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईची गोष्ट तो कुठून लिहील? ती इथंच लिहावी लागेल.

दुसऱ्या लेखिका विभावरी शिरूरकर. १९३३ साली त्यांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला आणि शिकलेल्या लोकांत खळबळ उडाली. शिकलेल्या, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या, पण लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं, त्यांना प्रेम हवंसं वाटतं का, हे एका बाईने उघड लिहिलं होतं. ही विभावरी कोण म्हणून शोधाशोध झाली. ते टोपणनाव होतं. लिहिणारी होती बाळूताई खरे, लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर. महर्षी कर्व्यांनी बायकांसाठी काढलेल्या हिंगण्याच्या संस्थेत त्या शिकल्या होत्या. पुढच्याच वर्षी, १९३४ साली, 'हिंदोळ्यावर' ही त्यांची कादंबरी आली. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईने पुन्हा कुणावर प्रेम करावं का, तिला तो हक्क आहे का, हा त्यातला प्रश्न. आपल्या प्रत्येक गटात अशी एखादी तरी मैत्रीण आहे, नवऱ्याने टाकलेली किंवा स्वतः बाहेर पडलेली. तिच्याबद्दल आपण काय बोलतो ते आपल्याला माहीत आहे. नव्वद वर्षांपूर्वी एका लेखिकेने तिची बाजू घेतली होती.

आणि गंमत ऐका. याच मालतीबाई हिंदू कायद्यावरच्या एका पुस्तकाच्याही सहलेखिका होत्या. म्हणजे त्यांच्या टेबलावर कायद्याची पुस्तकंही होती. बाईला कायदा काय देतो आणि काय देत नाही, हे ज्या बाईने वाचलं आहे, तिची प्रेमाची गोष्ट हवेत राहत नाही. तिचे पाय जमिनीला लागलेले असतात. प्रेमकथा लिहिणारीने फक्त प्रेमकथा वाचून भागत नाही, असं मी नव्या लिहिणाऱ्या मुलींना नेहमी सांगते. सातबारा वाचा, बँकेचा अर्ज वाचा, औषधाच्या बाटलीवरचं वाचा, ग्रामसभेचं इतिवृत्त वाचा. माणसाचं आयुष्य त्यातही असतं.

तिसरी बाई आपल्या देशातली नाही. इंग्लंडमधली जेन ऑस्टिन. जन्म १७७५ चा, मृत्यू १८१७ चा, पुरती बेचाळीस वर्षंही जगली नाही. वडील चर्चमध्ये धर्मगुरू. शाळा अकराव्या वर्षाच्या सुमारास सुटली ती सुटलीच. पण वडिलांकडे पाचशेच्या वर पुस्तकं होती आणि मुलीला ती वाचायला मोकळीक होती. घरात संध्याकाळी कुणीतरी मोठ्याने वाचायचं, बाकीचे ऐकायचे. त्या काळी तिकडे वर्गणी भरून पुस्तकं घरी न्यायची वाचनालयं निघाली होती, तिथूनही कादंबऱ्या यायच्या. कादंबऱ्या वाचणाऱ्या पोरींना तिकडेही नावं ठेवत होते बरं का! जेनची पहिली कादंबरी १८११ साली छापली तेव्हा तिच्यावर तिचं नाव नव्हतं, नुसतं 'एका बाईने लिहिलेली' एवढंच होतं. आज दोनशे वर्षांनी जगभर तिच्या सहा कादंबऱ्या वाचतात आणि प्रेमकथा लिहिणारे सगळे तिला गुरू मानतात.

तिची सर्वांत गाजलेली कादंबरी १८१३ ची. पाच बहिणी. वडिलांची मिळकत त्यांना मिळणार नाही, कारण त्या मुली. ती जाणार लांबच्या एका पुरुष नातेवाइकाला. वडील गेले की पाचही जणी आईसकट घराबाहेर. आता अशा वेळी लग्नाला मागणी आली तर मुलीने होकार कशाला द्यायचा, प्रेमाला की छपराला? आणि मागणी घालतो तोच मिळकत मिळणारा नातेवाईक, तर? नायिका त्याला नाही म्हणते. भीती असूनही नाही म्हणते. त्या 'नाही'मध्ये सगळी कादंबरी आहे.

तुम्ही बचत गटाच्या बाया आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळेल. ज्या बाईच्या नावावर काही नाही तिचा होकार पूर्ण तिचा नसतो. आपल्याकडे महाराष्ट्रात १९९४ साली आणि मग सगळ्या देशात २००५ साली कायद्यात बदल झाला आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच हक्क मिळाला. पण हक्कसोड पत्रावर सही करताना किती बहिणी कागद वाचून सही करतात? आणि न वाचता किती? तुम्हीच मनात मोजा. वाचन म्हणजे नुसता फावल्या वेळचा शौक नाही, ते यासाठी.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न. "ताई, पोरी असल्या गोष्टी वाचून बिघडणार नाहीत का?"

ही काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. दहावी-अकरावीतल्या मुलीच्या हातात मोबाईल आहे, कुणीतरी दोन गोड शब्द लिहितो आणि ती घर सोडून जाते. असं घडतं, आणि त्या भीतीने मग दुसऱ्या घरी सतराव्या वर्षीच मुलीचं लग्न उरकतात. मुलीचं वय अठरा आणि मुलाचं एकवीस हा कायदा सगळ्यांना पाठ आहे, तरी उरकतात. दोन्हीकडे नुकसान मुलीचंच.

पण विचार करा. जिने आयुष्यात एकच प्रेमाची गोष्ट ऐकली, म्हणजे सिनेमातली, तिला ती खरी वाटणारच. सिनेमात नायक मुलीच्या मागे मागे फिरतो, ती नाही म्हणाली तरी सोडत नाही, हात धरतो आणि शेवटी तीच हसते. हेच प्रेम, असं तिला वाटलं तर दोष कुणाचा? जिने पन्नास गोष्टी वाचल्या ती पारखायला शिकते. तुम्ही बाजारात मिरची घेताना कशी पारखता? हातात घेऊन, वास घेऊन, चार ढिगांशी ताडून. एकच ढीग बघितला असता तर पारख आली असती का? तसंच आहे हे. हा ऐकतो का, की फक्त बोलतो? माझं शिक्षण थांबवायला सांगतो का? माझ्या आईबद्दल कसं बोलतो? पैसे कुणाकडून घेतो? चांगली प्रेमकथा मुलीला हे प्रश्न विचारायला शिकवते. म्हणून मी म्हणते, मुलीला गोष्टी वाचू द्या. शक्य असेल तर तिच्याबरोबर बसून वाचा, तिला वाचून दाखवायला सांगा. मग त्या गोष्टीतल्या मुलीवर बोला. आपल्या मुलीशी जे थेट बोलता येत नाही ते गोष्टीतल्या मुलीच्या आडून सहज बोलता येतं.

दुसरा प्रश्न असतो वेळेचा आणि पुस्तकांचा. "पुस्तकं आणायची कुठून, आणि वाचायची कधी?"

इथं मी फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं नाव घेईन. १९२९ चा जन्म. त्या प्रेमकथा लिहिणाऱ्या नव्हत्या, त्यांनी दलित समाजाचं आणि बायकांचं जगणं लिहिलं. त्यांचं छोटं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला रद्दीचे कागद यायचे. गिऱ्हाईक नसलं की त्या ते कागद वाचायच्या. मग वाचनालयात नाव घातलं, पुस्तकं आणली. आणि त्याच गल्ल्यावर बसून स्वतःचं लिहू लागल्या. घरच्यांपासून वह्या लपवून ठेवल्या, वीसएक वर्षं. शेवटी १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं आणि पुढे दुसऱ्या भाषांतही गेलं. रद्दीच्या कागदापासून सुरुवात केलेली ही बाई. मग आपण पुस्तकं नाहीत हे कारण सांगायचं का?

शिवाय आपल्याकडे तर सोयी आहेत. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं आहे, म्हणजे आपल्या जिल्ह्याला वाचनालयाची सवय सव्वाशे वर्षांहून जुनी. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्याखाली मान्यता मिळालेल्या गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. म्हणजे ती आपल्या पैशावर चालतात, तिथं जाणं हा आपला हक्क. आपल्या गावाला सगळ्यांत जवळ असं वाचनालय कुठं आहे, ते आधी शोधा. तालुक्याला बँकेच्या कामाला जाता तेव्हा गटातल्या एकीने सभासद व्हायचं, पुस्तक आणायचं आणि दहा जणींनी वाचायचं. जुने दिवाळी अंक रद्दीवाल्याकडे स्वस्त मिळतात. 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत दर दिवाळीला कथा येतात. मुंबईला जाणाऱ्या मुलाला, दिराला सांगा, येताना वडापाव नको, एक जुना अंक आण.

वेळेचं म्हणाल तर रोज एक तास मी मागत नाही. आवणी-कापणीच्या दिवसात तर मुळीच नाही. गटाची बैठक होते, बचत जमा होते, कर्जाचे हप्ते होतात, वही लिहून होते. त्यानंतर पंधरा मिनिटं ठेवा. जिला नीट वाचता येतं तिने मोठ्याने वाचायचं. बाकीच्या ऐकतील, हातातलं काम चालू राहू द्या. पापड लाटता लाटता ऐकता येतं, वाती वळता वळता ऐकता येतं. एका बैठकीत गोष्ट संपली नाही तर उत्तमच. पुढच्या बैठकीला सगळ्या वेळेवर येतील, बघा! आपल्या दशसूत्रीत शिक्षणही आहेच ना? मग हे तिच्यात बसतं.

ज्या मैत्रिणींनी अंगठा सोडून सही केली त्यांना माझं खास सांगणं आहे. सही म्हणजे दार उघडलं, पण तुम्ही उंबऱ्यावरच उभ्या राहिलात. आत या. आधी मोठ्या अक्षरातलं वाचा, पोराचं बालभारतीचं पुस्तक घ्या, लाजू नका. एक ओळ वाचायला पाच मिनिटं लागली तरी चालतील. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, शाळेत साजरा होतो. या वर्षी तो गटातही करा. हार नको, भाषण नको. प्रत्येकीने एक परिच्छेद वाचायचा, एवढंच.

आणि वाचता वाचता कुणाला लिहावंसं वाटलं तर घाबरू नका. तुम्ही दर आठवड्याला गटाचं इतिवृत्त लिहिता. कोण आलं, कोण आलं नाही, कोणी काय म्हटलं, काय ठरलं. गोष्ट लिहिणं याहून फार वेगळं नाही. शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर तुमच्या आजीला कुणी कसं मागणी घातलं होतं ते लिहा, किंवा तुमच्या लग्नात धवलारणीने काय गायलं ते लिहा. ती थकली आहे, तिच्यानंतर ते कुणाला येणार आहे? शुद्धलेखनाची चिंता करू नका, ते छापणारा बघेल. आपल्या बोलीत आलं तर आपल्या बोलीत लिहा. नाव द्यायचं नसेल तर टोपणनाव घ्या. विभावरीने घेतलं होतं, जेनने तर नाव टाकलंच नव्हतं. पण लिहून ठेवा.

आपल्या या अंकाच्या संपादक ताईंना मी सगळ्यांसमोर विनंती करते, की पुढच्या अंकापासून एक पान गटातल्या बायकांच्या गोष्टींसाठी ठेवा. प्रेमाच्या गोष्टीही घ्या. त्या मान हलवतायत, म्हणजे ठरलं. आता पान भरायची जबाबदारी तुमची.

येताना मी पिशवीत वीस पुस्तकं आणली आहेत. जेवणाच्या मंडपाशेजारी टेबलावर ठेवली आहेत, शेजारी वही आहे. पुस्तक न्या, वहीत नाव आणि गटाचं नाव लिहा, पुढच्या मेळाव्याला परत आणा. कर्जाच्या वसुलीत तुमचा हात कुणी धरू शकत नाही असं ऐकून आहे. पुस्तकांच्या बाबतीतही तेच दिसू दे.